खुनी माणूस इतकं छान कसं बोलतो?

काळोखी कविता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्मशान येतं, रक्त येतं. आज आपण जी कविता पाहतो आहोत तिच्यात यातलं काहीच नाही. राजवाडा आहे, भिंतीवर एक चित्र आहे आणि एक सुसंस्कृत गृहस्थ पाहुण्याशी बोलतो आहे. रॉबर्ट ब्राउनिंग यांची ‘माय लास्ट डचेस’. १८४२ साली प्रसिद्ध झालेली, अवघ्या ५६ ओळींची.

बोलणारा आहे फेराराचा ड्यूक. त्याच्यामागे दुसरा आल्फोन्सो हा खरा ड्यूक असावा, असं मानतात. त्याची पत्नी लुक्रेझिया १५६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी वारली. कवितेतला ड्यूक आपल्या मृत पत्नीचं चित्र दाखवतो. तिचा गुन्हा काय? ती सगळ्यांकडे पाहून हसायची. मावळता सूर्य, कुणी आणून दिलेली चेरीची डहाळी, आणि नवऱ्याचं नऊशे वर्षांचं घराणं, तिला सगळ्याचा आनंद सारखाच! मग त्याने हुकूम दिले आणि हसणं थांबलं. खून हा शब्दही तो उच्चारत नाही. आणि हे ऐकतो कोण? त्याच्याच पुढच्या लग्नाची बोलणी करायला आलेला दूत.

ब्राउनिंग यांचीच ‘पॉर्फिरियाज लव्हर’ घ्या. तिथे प्रियकर प्रेयसीचा तिच्याच केसांनी गळा आवळतो. ती कविता पुढे वेड्यांच्या कोठड्या अशा मथळ्याखाली छापली गेली. झालं! तो वेडा आहे म्हटलं की आपण सुटलो. आम्हाला ड्यूकची कविता जास्त भेदक वाटते, कारण इथे ही पळवाट नाही. बायकोला समजावून का सांगितलं नाही, तर त्यात वाकावं लागलं असतं, आणि वाकणं त्याला मंजूर नाही. काळोख आहे तो इथे. ‘ती सगळ्यांशीच हसून बोलते’ ही तक्रार आपण कुठल्या घरात ऐकली नाही, सांगा बरं?

कुणी विचारेल, मग कवीने सगळं बोलणं मारणाऱ्यालाच का दिलं? तिला एक शब्दही नाही. आक्षेप खरा आहे. पण बघा, तिच्याबद्दल आपल्याला जे जे आवडतं, ते सगळं त्याच्या तक्रारींतूनच कळतं. चित्रावरचा पडदा त्याच्या हातात आहे. पण तो बोलतो तेव्हा तीच दिसते, आणि तो उघडा पडतो.

ओळी यमकाच्या आहेत, पण वाक्यं ओळ ओलांडून पुढे जातात, त्यामुळे यमक कानाला जाणवत नाही, नुसतं गोड बोलणं ऐकू येतं. त्या दूताच्या जागी आपण बसलेलो असतो, गप्प. म्हणून घरी गेल्यावर कविता मोठ्याने वाचा, आणि कुठल्या ओळीला आपली मान नकळत डोलली, तेवढं लक्षात ठेवा.