लाल ठिपके म्हणजे विष? आयस्नर वाचताना

शहाड स्टेशनकडून कॅम्प १ ला येताना वाटेतल्या मोकळ्या जागांत पावसाळा सरता सरता खुळखुळा माजतो. पिवळी फुलं, वाजणाऱ्या शेंगा. त्यावर भर उन्हात एक पांढरा पतंग दिसतो, पंखांवर लाल-काळे ठिपके. सगळे त्याला फुलपाखरूच म्हणतात. हा युटेथेइसा पुल्केला, लिनियसने १७५८ मध्ये वर्णन केलेला.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त लिहिलं होतं, 'भडक रंगामुळे भक्षक याला टाळतात.' गाईडनी समासात एकच शब्द लिहिला: कशावरून?

पेटची तयारी करत असाल तर थॉमस आयस्नर यांचं 'फॉर लव्ह ऑफ इन्सेक्ट्स' (२००३) याच प्रश्नासाठी वाचा. त्यांचा पतंग अमेरिकेतला, युटेथेइसा ऑर्नाट्रिक्स. त्याच्या काही अळ्या त्यांनी घेवड्याच्या बियांपासून केलेल्या कृत्रिम खाद्यावर वाढवल्या, तर काहींच्या खाद्यात खुळखुळ्याच्या बिया मिसळल्या. मग दोन्हीकडचे पतंग कोळ्याच्या जाळ्यात सोडले. बिया न मिळालेले खाल्ले गेले. बिया खाल्लेल्यांना कोळ्याने धागे तोडून चक्क सोडून दिलं! रंग दोघांचा तोच, फरक फक्त अल्कलॉइडचा. 'कशावरून'ला उत्तर द्यायचं ते असं.

पुढची गोष्ट आणखी रंगते. नर हे अल्कलॉइड मीलनात मादीला देतो आणि मादी ते अंड्यांत उतरवते. गंमत म्हणजे बिया दिल्या त्यांतली एक जात, क्रोटालेरिया स्पेक्टाबिलिस, मूळची आपल्या आशियातली. अमेरिकेत ती हिरवळीचं खत म्हणून गेली.

माझी तक्रार इथेच आहे. आयस्नर इतकं ओघवतं लिहितात की एका जातीची गोष्ट वाचताना आपल्याला ती सगळ्या कुळाची वाटायला लागते. मीही तसंच केलं, दुसऱ्या खर्ड्यात ऑर्नाट्रिक्सचं मीलन पुल्केलाच्या नावावर खपवलं. शिवाय आपल्याकडचा पतंग पुल्केलाच कशावरून? हॅम्पसनने १९०७ मध्ये वेगळी काढलेली पुल्केलॉइडिस ही जात दिसायला इतकी जवळची आहे की नुसत्या फोटोवर नाव ठरवणं धोक्याचं.

त्याहून मोठी चूक प्रयोगाच्या आखणीत होती. मी लिहिलं होतं, निम्म्या अळ्या खुळखुळ्यावर, निम्म्या भुरुंडीवर. पुल्केला भुरुंडीच्या कुळातल्या झाडांवरही वाढतो, म्हणून सोयीचं वाटलं. पण पायरोलिझिडीन अल्कलॉइड भुरुंडीतही असतात! म्हणजे माझे दोन्ही गट विषारीच, तुलना कशाशी करणार? आयस्नरनी ते घेवड्याचं खाद्य का शिजवलं, हे मला तेव्हा कळलं. पुस्तकात त्या खाद्याचा उल्लेख पटकन येऊन जातो, कोळी मात्र लक्षात राहतो. तुम्ही उलटं वाचा.

तिसऱ्या खर्ड्यात आता तीन गट आहेत. अळ्या घेवडा खातात का, हे अजून बघायचंय.