बिकलम आणि नोटरी

जुन्या कागदाच्या अखेरीस ज्याचें नांव 'बिकलम' म्हणून येतें, त्या लेखकास 'त्या काळचा नोटरी' म्हणण्याची रीत संग्राहकांत पडूं पाहत आहे. आमच्या मतें हें समीकरण चुकीचें असून त्यामुळें कागदाचें मोल ठरविण्यांत घोटाळा होतो.

'बिकलम' म्हणजे अमक्याच्या लेखणीनें. त्याहून अधिक कांहीं नाहीं. याज्ञवल्क्यानेंही लेखकाकडून एवढेंच मागितलें आहे कीं, उभयतांच्या विनंतीवरून आपण हें लिहिलें, असें त्यानें शेवटीं नमूद करावें. कागदास बळ येई तें साक्षीदारांचें, गोताचें, पाटलाच्या नांगराचें व शिक्क्याचें. रोमक 'नोटारियस' हाही आरंभीं नुसता लघुलेखकच. करारनामे लिहून देणारा 'टॅबेलिओ' निराळा. पुढें इटलींत राजसत्तेच्या किंवा धर्मसत्तेच्या अधिकारानें नेमलेल्या नोटरीच्या कागदास स्वतःचें प्रामाण्य आलें. आपल्याकडील १९५२ च्या कायद्याचाही नोटरी सरकारनेंच नेमलेला असतो. अर्थात् त्याचें मर्म लेखनांत नसून नेमणुकींत आहे. विष्णुस्मृतींत लेख्याचे राजसाक्षिक, ससाक्षिक व असाक्षिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकीं पहिलें राजाधिकरणांत नियुक्त कायस्थानें लिहावयाचें व त्यावर अध्यक्षाच्या हातची खूण व्हावयाची. तुलनाच करावयाची तर ह्या कायस्थाशीं करावी, गांवच्या कुळकर्ण्याशीं नव्हे.

हा भेद जव्हार-मोखाड्याकडील कागदांत विशेष जपावा लागतो. जव्हार संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. आज हा मुलूख पालघर जिल्ह्यांत आहे. येथें वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी ह्यांची वस्ती. अक्षरओळख पूर्वीं थोड्यांसच होती. अशा कर्जरोख्यावर कुळाचा नुसता अंगठा असेल, तर लेखक कोणाच्या पदरचा, हाच पहिला प्रश्न. सावकाराच्या कारकुनास 'नोटरी' म्हटलें कीं तो प्रश्नच बुजतो, आणि एकतर्फी कागदास उभयमान्य कागदाची प्रतिष्ठा फुकट मिळते. स्वहस्तें लिहिलेलें लेख्य साक्षीवांचूनही प्रमाण मानणाऱ्या याज्ञवल्क्यानें बळानें किंवा कपटानें करविलेलें मात्र वगळलें आहे. मग ज्याला लिहितांच येत नाहीं त्याच्या कागदाविषयीं किती सावध असावें!

उलटपक्षीं, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून धरला आहे. ह्याचें नातें नोटरीशीं नसून गोताच्या महजराशीं आहे, हें चाणाक्ष वाचकांस सांगणें नको.

याद्या करणारांनीं लेखक, साक्ष व शिक्का ह्यांचे रकाने वेगळे ठेवावे. आणि अंगठ्याशेजारीं 'दस्तुर' म्हणून कोणाचें नांव आहे तें न चुकतां उतरून घ्यावें.