जिना नसलेल्या पाड्यात जिन्याचा प्रश्न: पाठदुखीच्या संशोधनातली मोजपट्टी

जुनाट दुखण्यावर टीमने उपचार, हा विषय पीएचडीसाठी घ्यायचा विचार असेल तर २०१४ चा कोक्रेन रिव्ह्यू तुमच्यासमोर येणारच. कॅम्पर आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीवरच्या ४१ चाचण्या आणि ६,८५८ रुग्ण एकत्र तपासले. नुसती गोळी किंवा नुसता व्यायाम नाही, तर शरीर, मन आणि काम यांचा एकत्र विचार करणारी टीम.

निकाल काय? नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, दीर्घकाळात, दहापैकी साधारण अर्ध्या गुणाने वेदना कमी आणि रोलंड-मॉरिस प्रश्नावलीत चोवीसपैकी साधारण दीड गुणाचा फरक. म्हणजे फायदा आहे, पण माफक. लेखकांनी तो फुगवून सांगितलेला नाही. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो या रिव्ह्यूपेक्षा आपण तो कसा वापरतो यावर आहे.

हाच आराखडा कसाऱ्याला नेऊन बघा. मध्य रेल्वेची लोकल इथे संपते, पुढे घाट. आजूबाजूला ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे. पावसाळ्यात दिवसभर वाकून भाताची लावणी, उन्हाळ्यात डोक्यावर हंडे, अधूनमधून सरपणाची मोळी, आणि अनेक कातकरी कुटुंबांसाठी दिवाळीनंतर वीटभट्टी.

रोलंड-मॉरिस प्रश्नावली १९८३ ची, इंग्लंडमधली. पाठीमुळे जिना चढताना कठड्याचा आधार लागतो का, आरामखुर्चीतून उठताना काही धरावं लागतं का, जास्त वेळा आडवं व्हावं लागतं का, घरकाम टाळता का, असं ती विचारते. पाड्यावरच्या घरात जिनाही नाही, आरामखुर्चीही नाही. पण हा छोटा भाग झाला. भाषांतर करताना तो सुधारता येतो.

मोठी अडचण शेवटच्या दोन प्रश्नांत आहे. घरकाम टाळता का? ‘नाही.’ कारण टाळलं तर पाणी कोण आणणार? या ‘नाही’मुळे तिचे गुण कमी भरतात आणि तुमच्या तक्त्यात ती ‘फारसा त्रास नसलेली’ ठरते. जिला विश्रांती घेणं परवडत नाही तीच कमी आजारी दिसते. मग सुरुवातीलाच गुण कमी असल्याने टीमच्या उपचाराने ते आणखी कमी होणार कुठून? निष्कर्ष निघेल: उपयोग नाही. आणि त्याच निष्कर्षाच्या आधारे फिजिओथेरपिस्टचं पद नाकारलं जाऊ शकतं.

रिव्ह्यूमधलं आणखी एक माप म्हणजे ‘कामावर असणं’. पाड्यावरची बाई कामावरून हटलेलीच नसते. ते कामच दुखण्याचं एक कारण असतं.

यावर कोणी म्हणेल, मग प्रश्नावलीच नवी बनवू. तसं केलंत तर त्या ४१ चाचण्यांशी तुलना हातातून जाते. म्हणून दोन्ही ठेवा. जुनी मोजपट्टी तुलनेसाठी, आणि सोबत तिथल्या बायकांशी बोलून तयार केलेले प्रश्न: एका खेपेत किती हंडे, वाटेत किती वेळा थांबता, लावणीत किती वेळाने कंबर सरळ करावी लागते, दुखण्यामुळे किती मजुरी बुडाली.

तसंच ‘नेहमीचे उपचार’ म्हणजे इथे नेमकं काय, हे आधी लिहून काढा. आशाताई, नर्सताई, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर: यांपैकी कोण, किती दिवसांनी, किती वेळ भेटतं? युरोपातल्या चाचण्यांमधला तुलनागट आणि तुमचा तुलनागट नावाने सारखे असले तरी एकच नव्हेत.

शेवटचं, पाणी. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, तरी तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. अभ्यास चालू असताना एखाद्या पाड्यात नळ आला आणि कंबरदुखी कमी झाली, तर संख्याशास्त्र त्याला कन्फाउंडर म्हणेल. तो नोंदवा, हिशेबात घ्या, पण तळटीपेत ढकलू नका. कदाचित तुमच्या प्रबंधातला सगळ्यात परिणामकारक उपचार तोच असेल.