तपासणी कोणाच्या बाजूने? : 'अ लाइफ अपार्ट' आणि पॉल हंट यांचा आक्षेप

निवासी संस्थेची तपासणी म्हटली की इमारत, नोंदवह्या, आहारतक्ता व कर्मचाऱ्यांची संख्या पाहिली जाते. तेथे राहणाऱ्या अपंग व्यक्तीचे म्हणणे यादीत असलेच तर तळाशी असते. या प्रश्नाची सर्वांत कडवट चर्चा इंग्लंडमध्ये एका ग्रंथाच्या निमित्ताने झाली.

हॅम्पशायर परगण्यातील 'ले कोर्ट' निवासगृहातील रहिवाशांचा झोपण्याच्या वेळेपासून कारभारातील सहभागापर्यंत अनेक बाबतींत व्यवस्थापनाशी संघर्ष चालला होता. १९६० च्या दशकात त्यांनीच टॅव्हिस्टॉक संस्थेच्या संशोधकांना पाचारण केले. एरिक मिलर व जेराल्डिन ग्विन यांचा 'अ लाइफ अपार्ट' हा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थेत येणाऱ्या व्यक्तीचा 'सामाजिक मृत्यू' झालेलाच असतो, हे या लेखकांनी गृहीत धरले. देहाच्या मृत्यूपर्यंतचा काळ सुसह्य करणे एवढेच कार्य मग संस्थेकडे उरले. गोदामवजा व रोपवाटिकावजा अशा दोन पद्धतींचे त्यांचे विवेचन आजही उपयुक्त आहे. तथापि गोदाम असावेच का, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला नाही. त्याच काळात स्वीडनमध्ये 'फोकस' योजनेखाली सर्वसाधारण वस्तीतच मदतीसह घरे उभी राहत होती.

ले कोर्टमध्ये राहिलेले पॉल हंट यांनी या ग्रंथाचे केलेले परीक्षण त्यांच्या मृत्यूनंतर १९८१ मध्ये छापले गेले. संशोधकांची तटस्थता ही प्रत्यक्षात सत्ताधाऱ्यांची बाजू होती, हा त्यांचा मुख्य आक्षेप. भाषा बोचरी आहे, क्वचित अन्यायकारकही. परंतु आक्षेपाचा गाभा खोडून काढणे कठीण आहे. रहिवाशांचे म्हणणे संशोधकांनी ऐकले होते, पण निष्कर्ष काढताना त्याचे वजन धरले नाही.

हंट यांच्या मांडणीचीही एक मर्यादा आहे. ती बोलू व लिहू शकणाऱ्या रहिवाशांची आहे. ब्रिस्टलजवळील 'विंटरबोर्न व्ह्यू' या खाजगी रुग्णालयातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांचा छळ २०११ मध्ये उजेडात आला तो दूरचित्रवाणीच्या छुप्या चित्रीकरणामुळे. एका परिचारकाने नियामक आयोगास आधीच कळविले होते. पुढे अकरा कर्मचारी दोषी ठरले. इंग्लंडमधील या आयोगाच्या तपासणी पथकांत आता 'अनुभवातून तज्ज्ञ' झालेल्या व्यक्तीही असतात. हे पाऊल स्वागतार्ह आहे; मात्र असा तज्ज्ञ सायंकाळी निघून जातो आणि रहिवासी त्याच कर्मचाऱ्यांच्या हाती राहतो. म्हणून संभाषण कर्मचाऱ्यांविना व्हावे, खुणा, चित्रे व वर्तन हीही साक्ष मानली जावी, आणि सांगितल्यानंतर काय घडले याची पुन्हा चौकशी व्हावी. अन्यथा पथकातील ती एक खुर्ची शोभेची ठरते.

अपंग व्यक्तींसाठीच्या सेवांवर स्वतंत्र प्राधिकाऱ्यांची देखरेख असावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या करारातील सोळावे कलम सांगते. भारताने हा करार २००७ मध्ये स्वीकारला. २०१६ च्या अधिनियमातील संस्था-नोंदणीच्या प्रकरणात सुविधा व मानके पाहण्याची तरतूद आहे. रहिवाशांचे मत घेण्याचा उल्लेख त्या प्रकरणात नाही.