खोडलेला शब्द

लेखक हाताने लिहितो की कळफलकावर, हा प्रश्न अनेकांना फालतू वाटतो. शेवटी मजकूर महत्त्वाचा, असे ते म्हणतात. आम्हाला हे अर्धेच पटते. मजकूर कसा घडला, हेही समीक्षेने पाहायला हवे.

गालिबचेच पाहा. त्याच्या दीवानाची १८२१ सालची हस्तलिखित प्रत भोपाळला सापडली आणि १९२१ मध्ये 'नुस्खा-ए-हमीदिया' म्हणून प्रसिद्ध झाली. १८४१ साली दिल्लीत छापलेल्या दीवानात नसलेले कितीतरी शेर तिच्यात आहेत. ते कवीने स्वतःच वगळले होते. ही प्रत नसती, तर गालिब स्वतःचा किती कठोर टीकाकार होता, हे आपल्याला एवढे स्पष्ट दिसले नसते.

उर्दूत तर छापील पानावरही हातच उमटत असे. नस्तालीक लिपीत शेजारचे अक्षर पाहून अक्षर रूप बदलते, शब्द तिरका उतरतो. खिळ्यांत ते बसेना. मराठी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जात होता, तेव्हा उर्दू पुस्तके कातिबाच्या हातून उतरून शिळाछापावर निघत. १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग'ने नूरी नस्तालीक वापरले, १९९४ मध्ये इनपेज आले आणि कातिबाची बैठक उठली. त्यासाठी आम्ही गळा काढणार नाही. कातिबाच्या सवडीसाठी पुस्तके रखडत आणि त्याच्या चुका लेखकाच्या नावावर जमा होत.

पण आमचा एक अनुभव सांगतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो, लिहितो मात्र मराठीत. जुन्या वहीत आमच्या एका कथेचा पहिला खर्डा सापडला. त्यात जागोजागी 'अम्मी' खोडून 'आई' केले होते. घरात जो शब्द आम्ही कधी उच्चारला नाही, तो मराठी वाचकाला परका वाटू नये म्हणून घातला होता. कोणी सांगितले नव्हते. आमचीच भीती होती. पुढच्या कथा आम्ही थेट संगणकावर लिहिल्या. त्यांत असे किती शब्द पुसले, ते आता आम्हालाही सांगता येणार नाही. पडद्यावर खोडल्याची रेघ उरत नाही.

मुस्लिम मराठी साहित्याच्या भाषेवर पुष्कळ बोलले जाते. दखनी, उर्दू शब्द किती यावेत, यावर परिसंवाद होतात. चर्चा मात्र छापून आलेल्या शब्दांचीच होते. लेखकाने घाबरून मागे घेतलेल्या शब्दांची होत नाही. खरे तर आपल्या संकोचाचा इतिहास तिथेच आहे.

म्हणून टंकलेखन सोडा, असे आम्ही म्हणत नाही. संगणकावरही प्रत्येक खर्डा वेगळ्या नावाने, तारीख घालून ठेवता येतो. तेवढे तरी करावे. आमच्या त्या कथेत आम्ही 'अम्मी' परत लिहिले आहे. वहीतली रेघ दिसली म्हणूनच ते सुचले.