काट्याच्या बाजूचा काटेरी प्राणी

नाणे हवेत उडवताना आपण विचारतो, छापा की काटा? आज ज्या नाण्याविषयी बोलायचेय, त्याच्या काट्याच्या बाजूला खरोखरच काटे आहेत. ऑस्ट्रेलियाचे पाच सेंट. वजन २.८३ ग्रॅम, पाऊण हिस्सा तांबे, पाव निकेल. १४ फेब्रुवारी १९६६ला तिथे दशमान चलन आले, तेव्हा स्टुअर्ट डेव्हलिन यांनी या नाण्यावर एकिडना कोरला. दिसायला आपल्या साळिंदरासारखा, पण साळिंदर नव्हे. हा मुंग्या-वाळवी खातो, अंडी घालतो आणि वर पिलाला दूधही पाजतो. वर्गीकरण करणाऱ्यांची फजिती करणारा प्राणी! तत्त्वज्ञानवाल्यांना तो आवडणारच.

कारागिरीला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ. प्राणी वर्तुळात कोंबलेला वाटत नाही. अंगठा फिरवला तर काटे हाताला लागतात. त्याआधीची नाणी बघा. १९३८च्या शिलिंगवर मेरिनो मेंढ्याचे डोके, तीन पेन्सवर गव्हाच्या ओंब्या. लोकर आणि धान्य, दोन्ही बाहेरून आणलेले, दोन्ही कमाईचे. एकिडना कुणाला काही कमावून देत नाही. तो फक्त तिथला आहे. चलनावर निरुपयोगी जीवाला जागा देणे, हे धाडस आम्हाला मोठे वाटते.

पण नाणे उलटा. छाप्याच्या बाजूला लंडनच्या राणीचा मुखवटा, आणि ‘ऑस्ट्रेलिया’ हे नावही तिच्याच बाजूला. प्राण्याच्या वाट्याला नुसता पाचाचा आकडा. भूमी एकीकडे, भूमीचे नाव दुसरीकडे!

आणि माणसे कुठे आहेत? तेव्हाच्या सेंटांच्या सहा नाण्यांपैकी पाचांवर स्थानिक प्राणी-पक्षी, सहाव्यावर राजचिन्ह. त्यातही कांगारू आणि एमूच. १९६६ साली देशाच्या घटनेत अजून असे कलम होते, की लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना धरू नये. ते निघाले १९६७च्या सार्वमताने. म्हणजे मूळचा प्राणी खिशाखिशात पोहोचला, तेव्हा मूळचा माणूस मोजणीतही नव्हता. त्याच वर्षीच्या एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी यांचे सालीवरचे चित्र घेतले, तेही त्यांना न विचारता. मानधन आणि पदक नंतर दिले. एकिडनाला विचारावे लागत नाही. चिन्ह म्हणून तो सोयीचा पडतो, तो इथेच.

कुणी म्हणेल, एवढ्याशा नाण्यावर केवढा हा भार! बरोबर आहे, डेव्हलिन यांनी काही घटना लिहिली नव्हती. आमचा आक्षेप हातावर नाही, निवडीवर आहे. राणी गेली, आता छाप्यावर चार्ल्स राजे आलेत. एकिडना तोच आहे, आणि देशाचे नाव अजूनही पलीकडच्याच बाजूला.