प्रबंधाचं पुस्तक आणि हरवलेली सूची

प्रबंधावरून स्वखर्चाने छापलेलं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची पानं उघडतो. बहुतेकांत तिथे सूची नसतेच. असली तर क्रम चुकलेला. कव्हर मात्र चकचकीत, चार रंगांत!

उदाहरण कोल्हापूरचंच घ्या. तुमच्या सूचीत कळंबा, कवठेगुलंद, कसबा बावडा ही गावं आहेत. नुसत्या युनिकोडच्या क्रमांकाने लावली तर हाच क्रम येतो, कारण तिथे 'ळ' हे अक्षर 'ल'च्या लगेच मागे बसवलंय. आपल्या वर्णमालेत ते 'ह'नंतर येतं. म्हणजे कळंबा शेवटी हवं. १९२० साली राजर्षी शाहूंनी निर्माण केलेलं क्षात्रजगद्गुरूपद तर थेट 'क'मध्ये जाऊन पडतं. संगणकाच्या लेखी 'क्ष' म्हणजे क आणि ष. वाचक ते 'ज्ञ'च्या शेजारी शोधतो, सापडत नाही, आणि हा विषय पुस्तकात नाहीच असं समजून पुस्तक मिटतो. तीन-चार वर्षं घालून लिहिलेलं प्रकरण असं वाया जातं.

पानांचंही तेच. प्रबंध ए-फोरवर, पुस्तक डेमी आकारात. मजकूर सरकला की 'पाहा, पृष्ठ अमुक' असे हाताने टाकलेले सगळे संदर्भ खोटे ठरतात. डीटीपीवाला ते तपासणार नाही, त्याचं ते कामही नाही. म्हणून पृष्ठक्रमांक आणि सूची शेवटच्या प्रुफानंतरच करा.

१६ पानांच्या फॉर्ममध्ये बसवायचं म्हणून काहीजण सूचीच उडवतात. मला हे अजिबात पटत नाही. कापायचंच असेल तर मनोगत कापा.